आरामाचं परमिट

आराम कसा करावा हे मला आयुष्यात एकाच माणसाने पद्धतशीर शिकवलं, आणि त्या शिकवणीतून बरं व्हायला पुढे बरेच दिवस लागले. कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ते माझे वरिष्ठ होते. तिथले झाडून सगळे मराठी लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनी त्यांना 'अहो' म्हणत, पण त्या 'अहो'चे इतके प्रकार होते की ऐकणाऱ्याला त्या दिवशीच्या हवामानाचा अंदाज यायचा.

भाऊसाहेबांचं काम शटडाऊनचं. रिफायनरी रात्रंदिवस चालते, मग कधीतरी तिचा एखादा भाग ठरवून बंद करतात, थंड करतात, उघडतात, आत साठलेली घाण काढतात, झिजलेलं बदलतात आणि पुन्हा चालू करतात. त्या काळात शेकडो माणसं कामाला लागतात. कुणी, कधी, कुठे काय करायचं हे भाऊसाहेब ठरवत. त्यांची सही असलेलं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, मिळाल्याशिवाय तिथे कुणी पाना उचलायचा नाही. परमिट देण्याआधी त्या जागी येणारा प्रत्येक पाइप झाकण ठोकून बंद केला आहे ना, हे ते स्वतः जाऊन बघत. यात हयगय झाली की माणसं मरतात, त्यामुळे त्यांच्या काटेकोरपणाला आम्ही मनातल्या मनात हात जोडत असू. पंचाईत एवढीच होती की संध्याकाळी फहाहीलला घरी जाताना ते हा काटेकोरपणा गेटवर जमा करून जात नसत.

एका जुलैत त्यांच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा बिघडला. भाऊसाहेबांनी आधी घराचा मेन स्विच बंद केला, बोर्डाच्या दाराला कुलूप घातलं, कुलपाला 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहिली पाहिजे, असा नियम आहे. तेवढ्यात रिफायनरीतून बोलावणं आलं, ते तसेच निघाले, आणि त्यांच्याबरोबर किल्लीही निघाली. कुवेतच्या जुलैत गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. वहिनी पर्स उचलून आमच्या घरी आल्या, एसीसमोर खुर्ची ओढून दुपारभर बसल्या. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब जेवायला घरी गेले तर तीच पाटी गॅसच्या शेगडीला लटकत होती आणि सिलिंडरभोवती साखळी घालून तेच कुलूप लावलेलं होतं.

"किल्ली कुठाय?" त्यांनी विचारलं.

"काम करणाऱ्याच्या खिशात," वहिनी म्हणाल्या, "आणि साडीला खिसा नसतो."

ही हकीकत भाऊसाहेबांनीच मला सांगितली, आणि तीही अभिमानाने. बायकोने उपाशी ठेवलं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पाटी अगदी सरळ, डोळ्यांच्या उंचीवर लावली होती, याचं कौतुक त्यांना आठवडाभर पुरलं. "तुम्हा पोरांना सांगून सांगून जमत नाही," ते मला म्हणाले, "आणि तिने नुसतं बघून केलं."

'आधी थंड, मग उघड' हे त्यांचं सर्वांत लाडकं वाक्य. तापलेली टाकी घाईने उघडायची नाही, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण ते हे वाक्य चहाला लावत, नव्या शेजाऱ्याला लावत आणि माझ्या रागालाही लावत. एकदा एका सुपरवायझरने माझ्या कामाचं श्रेय सरळ स्वतःकडे घेतलं आणि मी तावातावाने भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, खोलीतला एसी वाढवला आणि स्वतः बाहेर निघून गेले. पुष्कळ वेळाने परत येऊन म्हणाले, "हं, आता बोल." तोवर मला थंडी वाजत होती आणि मी मुद्दे विसरलो होतो.

रजेबद्दल तर त्यांची एक आख्खी उपपत्तीच होती. आखातातला मराठी माणूस वर्षाकाठी महिनाभराची रजा घेतो ती देशी जाण्यासाठी, याला तोवर अपवाद नव्हता. न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर येई, दुधाच्या पावडरचे डबे, बदाम आणि अत्तरं बॅगांत कोंबली जात, बॅगांना दोऱ्या आवळल्या जात. "ही काय सुट्टी आहे?" भाऊसाहेब म्हणत. "हा शटडाऊन आहे. वर्षभर साठलेली सगळी दुरुस्ती एका महिन्यात. आईचा मोतीबिंदू, स्वतःचे दात, गच्चीची गळती, भाच्याची मुंज, भाचीला बघायला येणारे पाहुणे. आणि काम करायला माणसं किती? आपण दोघं." यातल्या 'दोघं' या शब्दाला फारसा आधार नव्हता. भाऊसाहेब पुण्याला पोचले की नियोजन करत. काम वहिनी करत.

एका वर्षी रजेवरून परत येताना त्यांना आणायला मी विमानतळावर गेलो होतो. त्या खेपेला धाकट्या नणंदेच्या मुलीचं लग्न, सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं आणि पुण्याच्या फ्लॅटची रंगरंगोटी असं सगळं एकावर एक आलं होतं. वहिनी पाठीला हात लावून चालत होत्या. चेहरा अर्धा झाला होता. गाडीत बसल्यावर भाऊसाहेब मला रंगाऱ्यांच्या वेळापत्रकात नेमकं काय चुकलं ते समजावून सांगत होते, तेव्हा मागच्या सीटवरून वहिनी बोलल्या.

"अहो, पुढच्या रजेत मला काही न करता नुसतं बसायचंय. कुणाची सून नाही, मामी नाही, वहिनी नाही. ते जमलं नाही तर रजा संपल्यावर मी परत इकडे येणार नाही. पुण्याच्या फ्लॅटवर राहीन. राहुल अमेरिकेला गेला, घरात पोर नाही. इथे आता माझ्यावाचून काय अडलंय?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच त्या मनापासून बोलताहेत हे आम्हा दोघांना कळलं. फहाहीलमध्ये अशी घरं कमी नव्हती. बायको देशी राहायला गेलेली, आणि नवरा टीव्हीसमोर उभ्या उभ्या डब्यातलं खातोय. अशा नवऱ्यांना भाऊसाहेब दर शुक्रवारी घरी जेवायला बोलवत. कोकणातले फिटर, वेल्डर कंत्राटावर एकटे आलेले असत, तेही त्या पंगतीला असत. रांधायच्या अर्थात वहिनी. इथे त्यांच्यावाचून काय अडलं होतं हे निदान त्या पंगतीला तरी ठाऊक होतं. पण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, भाऊसाहेबांनी तर नाहीच.

भाऊसाहेब घाबरले. रिफायनरीत एकदा पाइपगळतीचा भोंगा वाजला होता तेव्हा हा माणूस शांतपणे चष्मा पुसत उभा होता. त्यानेच त्या दिवशी रंगाऱ्यांचं वेळापत्रक अर्ध्यावर सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "हिला आराम द्यायचाय. पण तो नीट द्यायला पाहिजे. अर्धवट दिला तर गेली."

आराम नीट कसा देतात याचा त्यांना मुळीच अनुभव नव्हता. म्हणून त्यांनी अभ्यास सुरू केला. आमच्याकडे वेल्डिंगची तपासणी करायला एक ग्रीक इन्स्पेक्टर होता. मधल्या सुट्टीत तो भिंतीच्या सावलीत खुर्ची नेऊन बसायचा. वाचत नसे, बोलत नसे, घड्याळ बघत नसे. भाऊसाहेब त्याच्याकडे खिडकीतून बघत बसायचे, आणि एक दिवस मलाही त्यांनी बोलावून दाखवलं. "नीट बघ. हा कशाचीच वाट बघत नाहीये. आपण बसतो ते कशाची तरी वाट बघत बसतो." मग त्यांनी त्या इन्स्पेक्टरला जाऊन सरळ विचारलं की हे तू कुठे शिकलास. त्याने सांगितलं की समुद्रकाठी माझ्या मावशीचं एक गाव आहे, तिथे सगळे असेच बसतात आणि मावशी खोल्याही भाड्याने देते. झालं. पुढची रजा ग्रीसला, असं ठरलं.

मी आणि माझी बायको स्वाती या प्रकरणात ओढले गेलो ते वहिनींमुळे. त्या स्वातीला म्हणाल्या, "तू चल गं. हे दिवसभर मला समुद्र समजावून सांगतील. मला कुणीतरी न बोलणारं हवंय." आम्हालाही मोह झाला. आमचं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्याही सगळ्या रजा नाशिकच्या बारशांत खर्ची पडल्या होत्या.

कंपनीत कागदपत्रांची धावपळ करणारा जो इजिप्शियन मंदूब होता, तो आमचे पासपोर्ट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. इंडियाचं तिकीट नाही म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणून भाऊसाहेबांना हिंदीत विचारलं, "ग्रीस में कौन मर गया?" आपल्या बहिणीला भाऊसाहेबांनी फोनवर सांगून टाकलं की यंदा रजा रद्द झाली, शटडाऊन आहे. पहिला पाइप असा बंद झाला. पुण्याहून येणारे बाकीचे पाइप त्यांनी याच थापेने एकेक करून बंद केले.

निघण्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी एक रंगीत तालीमही घेतली. कुवेतमधल्याच वफ्राला एका ओळखीच्या शेतावर आम्ही घडीच्या खुर्च्या घेऊन गेलो. अट अशी की कुणी काही शिजवायचं नाही आणि कुणी काही उचलायचं नाही. भाऊसाहेबांनी पंगतीतले दोन फिटरही आणले होते. काही वेळ सगळे मन लावून बसले. मग एका फिटरला मुळ्याच्या वाफ्यात गवत दिसलं, तो उठला, त्याच्यामागून दुसरा उठला. दुपारपर्यंत दोघांनी सबंध वाफा निंदून काढला होता, वहिनी शेतावरच्या बंगाली गड्यांना लाडू वाटत होत्या आणि भाऊसाहेब एकटेच खुर्चीवर बसून आम्हाला परत बोलावत होते. तालीम फसली असं मी म्हणालो. त्यांच्या मते तालीम उत्तम झाली होती, देखरेख तेवढी कमी पडली होती.

ती उणीव ग्रीसमध्ये भरून निघाली.

युरो यायच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा होता. अथेन्सहून एक बस, मग बोट, मग पुन्हा एक बस, असं करत आम्ही गावात उतरलो. गाव म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे उतरत आलेली पांढरी घरं, खाली लहानसा धक्का आणि धक्क्यावर म्हाताऱ्यांनी भरलेलं एक कॉफीचं दुकान. इन्स्पेक्टरची मावशी काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी विधवा होती. तिला तिच्या भाषेखेरीज कुठलीही भाषा येत नव्हती, आणि त्यामुळे तिचं काही अडतही नव्हतं. आम्ही सगळेच तिला मावशी म्हणू लागलो. नको म्हणायचं झालं की ती हनुवटी वर उचलून जिभेने 'च' करायची. जेवायला टोमॅटो, काकडी, खारट पनीर, भात भरून भाजलेल्या मिरच्या आणि पाव. आम्हा शाकाहारी लोकांची चंगळ होती. अंगणात झाडाखाली वेताच्या खुर्च्या आणि समोर थेट समुद्र. याहून जास्त काय हवं असतं माणसाला?

पहिल्याच सकाळी भाऊसाहेबांनी आम्हाला अंगणात जमवलं आणि सांगितलं की सुरुवातीचे दिवस नुसते थंड होण्याचे आहेत. या काळात माझ्या परवानगीशिवाय कुणी कसलंही काम करायचं नाही. कपडे धुवायचे नाहीत, अंथरुणाच्या घड्या घालायच्या नाहीत, बाजारात जायचं नाही. काही करावंसं वाटलंच तर आधी मला विचारायचं. मग त्यांनी खुर्च्या नेमून दिल्या. वहिनींना समुद्रासमोरची, स्वातीला तिच्या बाजूची, मला भिंतीकडे तोंड असलेली, कारण मला आरामाची गरज कमी होती. स्वतः ते बसले नाहीत. कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

वहिनी बसल्या. भाऊसाहेब त्यांच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "बरं वाटतंय?"

"वाटतंय."

थोड्या वेळाने पुन्हा आले. "खांद्यांत अजून ताण दिसतोय. खांदे सोड."

वहिनींनी खांदे सोडले. मग ऊन सरकलं म्हणून खुर्ची सरकवायला त्यांना उठवण्यात आलं. मग वारा सुटला म्हणून पुन्हा उठवण्यात आलं. दुपारी झोपायची वेळ झाली तेव्हा भाऊसाहेब दार किलकिलं करून झोप लागली का ते बघून गेले, आणि त्या आवाजाने ती मोडली. स्वातीने गुपचूप दोन रुमाल धुतले तर त्यांना साबणाचा वास आला. "परवानगी कुणाची?" त्यांनी विचारलं. वहिनींनी खाली पडलेला टॉवेल उचलून घडी केली, तर त्यांनी तो हातातून घेऊन घडी मोडली आणि पुन्हा खाली टाकला. हे सगळं अतिशय प्रेमाने चाललं होतं. रागवायचं तरी कुणावर? मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे मला हसता तरी येत होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझं हसू गेलं. वहिनी पुन्हा पाठीला हात लावून चालायला लागल्या होत्या. धक्क्यावर फिरायला गेलेल्या असताना त्यांनी स्वातीला सांगितलं, "पुण्यात दमायचे, पण दुपारी झोप लागली का म्हणून कुणी विचारत नव्हतं. हे आता सुधारायचे नाहीत गं. अथेन्सला पोचलं की मला मुंबईचं तिकीट बघायला मदत कर. यांना आत्ता सांगू नकोस, उगाच रजा जायची त्यांची." स्वातीने ते मला सांगितलं, आणि मला फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीसाठी हा माणूस वर्षभर धडपडला होता ती गोष्ट तो स्वतःच्या हाताने, अगदी नियमानुसार, घालवत होता. बोलायचा मी एकदा प्रयत्न केला. "भाऊसाहेब, त्यांना जरा एकटं सोडलं तर?" ते म्हणाले, "अरे, अजून थंड झालेली नाही. अशात सोडून कसं चालेल?"

त्याच दिवशी वहिनी पाणी प्यायला म्हणून मावशीच्या स्वयंपाकघरात गेल्या. स्वाती त्यांच्याबरोबर होती, त्यामुळे पुढचं मला तिच्याकडून कळलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. अंगणात भाऊसाहेब रिकाम्या खुर्च्यांमधून येरझाऱ्या घालत एकेक खुर्ची उन्हाचा अंदाज घेऊन लावत होते. वहिनींनी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मावशीने खिडकीतून बघितलं, मग भिंतीवरच्या आपल्या मिशाळ नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवलं, आणि तिनेही डोकं धरलं. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि त्यांना हसू आवरेना. मग मावशी मागच्या पडवीत गेली आणि चुन्याची बादली नि लांब दांड्याचा ब्रश घेऊन आली.

अंगणाची भिंत मला माझ्या खुर्चीवरून तोंडपाठ झाली होती. ती इतकी पांढरी होती की बघून डोळे दुखत. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने भाऊसाहेबांना त्या भिंतीसमोर उभं केलं आणि ब्रश पुढे केला. गावात देवीचा सण जवळ आला होता, त्याआधी घरं रंगवतात, असं तिने हातवारे करून, छातीवर क्रूस काढून समजावलं.

"आय ॲम ऑन हॉलिडे," भाऊसाहेब म्हणाले.

मावशीने हनुवटी वर उचलून 'च' केलं आणि ब्रश त्यांच्या हातात कोंबला. भाऊसाहेबांनी भिंतीला हात लावून पाहिला, नखाने जरा खरवडून पाहिलं, ब्रश खाली-वर करत दोन-तीनदा मागे वळून अंगणाकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मग शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "इमर्जन्सी जॉब आहे," ते आम्हाला म्हणाले. "म्हातारी एकटी आहे. तुम्ही बसा. तुम्हाला परमिट नाही."

त्यांनी कामाला हात घातला आणि अंगणात शांतता पसरली. वहिनी आधी खुर्चीला जेमतेम टेकल्या होत्या, मांडीवर पर्स. मग पर्स खाली ठेवली. मग चपला काढल्या. दुपारपर्यंत दोन्ही पाय समोरच्या खुर्चीवर गेले होते आणि तळहात मांडीवर उताणे पडले होते. त्या समुद्राकडे बघत होत्या. समुद्रात बघण्यासारखं काही नव्हतं, एक होडी होती आणि ती कुठे जात नव्हती. स्वातीने एकदा काहीतरी विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला. फहाहीलच्या घरी किंवा कुठल्याही लग्नघरात मी त्या बाईला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं.

मावशीचं काम संपत नव्हतं. भिंत झाली की तिने पायऱ्या दाखवल्या, पायऱ्या झाल्या की झाडाचं खोड, मग शेजारणीचा ओटा. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी आपल्या खुर्च्या उचलून वर आणल्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडल्या. इतकी वर्षं समुद्र बघून झाल्यावर त्यांना आता काम करणारा माणूस बघायला मिळत होता. भाऊसाहेब डोक्याला रुमाल बांधून सकाळी सुरू करत ते ऊन उतरेपर्यंत. बरं वाटतंय का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बिचारे, मी स्वातीला म्हणालो, त्यांना वाटतंय गावाचं आपल्यावाचून अडलंय.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेलो तर ते पुन्हा पहिल्याच भिंतीशी होते. मावशीने ती पुन्हा दाखवली होती. वहिनी पलीकडे खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. माझ्याने राहवलं नाही.

"भाऊसाहेब, ही भिंत झालीय."

"कळतं मला," ते हलक्या आवाजात म्हणाले. ब्रश चालूच होता. "आपण यायच्या आधीसुद्धा झालेली होती. पहिल्या दिवशीच खरवडून पाहिलं ना मी. ताजा चुना होता, महिन्याचाही नसेल. म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. ब्रश ठेवून द्यावा म्हणून वळलो, तर ही टेकून बसलेली. घरातून बाहेर पडल्यापासून पहिल्यांदा टेकून बसलेली. मी ब्रश खाली केला, ती सावरून बसली. पुन्हा उचलला, पुन्हा टेकली. दोन वेळा करून पाहिलं. मग म्हटलं, लावू चुना."

"म्हणजे इतके दिवस..."

"पांढऱ्यावर पांढरं," ते म्हणाले. "आणि ती मुंबईच्या तिकिटाचं बघतेय तेही मला माहितीये. धक्क्यावर तुझी बायको दबक्या आवाजात बोलते म्हणजे काय, ते सगळ्या गावाला ऐकू जातं." त्यांनी ब्रश बादलीत बुडवला. "जायचं तर जाईल. निदान बसली तरी चार दिवस."

या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो. त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास अजून माझ्याच हातात होता.

"अहो," पलीकडून वहिनी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "घरी गेल्यावर बाल्कनीला पण असा हात फिरवा. फार कळकट दिसते."

भाऊसाहेबांचा ब्रश भिंतीवर थांबला. "कुठल्या घरी?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या म्हणजे? फहाहीलच्या. दुसरी कुठली बाल्कनी बघते मी रोज?"

भाऊसाहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. चुन्याच्या हातांनी डोळ्यांना शिवू नये, हे त्यांनी आयुष्यभर शेकडो माणसांना बजावून सांगितलं असेल. पुढच्याच क्षणी ते दोन्ही डोळे घट्ट मिटून, हात हवेत धरून जागच्या जागी उभे होते, आणि मी ग्लास टाकून पुढे होईपर्यंत वहिनी अनवाणी त्यांच्याजवळ पोचल्याही होत्या. त्यांनी त्यांचं मनगट धरलं, अंगणातल्या नळाशी नेलं, मान खाली वाकवली आणि ओंजळीने पाणी मारायला लागल्या.

"तू बस गं, तू बस," भाऊसाहेब पाण्याखालून म्हणत होते.

"डोळे उघडा आधी," वहिनी म्हणाल्या, आणि पाणी मारत राहिल्या.